220 वर लागणारी झोप

नगर
गुरुवार, रात्र

प्रिय मने,



परवा फोनवर तू एक वाक्य बोललीस आणि लगेच विषय बदललास. "मावशी, छकुलीची शुगर 220 असली की मला झोप लागते." मग तू कांद्याच्या भावाकडे वळलीस, मीही वळले. फोन स्पीकरवर होता, विहीणबाई शेजारी भाकऱ्या थापत होत्या, ते मला ऐकू येत होतं. म्हणून तेव्हा काही बोलले नाही. हे पत्र आधी एकटीनं वाच, मग जावईबापूंना दे आणि विहीणबाईंना वाचून दाखव. लपवण्यासारखं यात काही नाही. पहिल्यांदा वाचताना तुझ्या तोंडाकडे कुणी बघत नसावं, एवढंच.

मने, तुझं ते वाक्य मी 2004 साली मनातल्या मनात रोज म्हणत होते. मी ते कुणाला सांगितलं नाही. तू निदान मला सांगितलंस.

पिंट्याला त्या वर्षी श्रावणात टाइप 1 मधुमेह निघाला. तेव्हा तो चार वर्षांचा होता, आज तुझी छकुली आहे तेवढाच. तू सहा वर्षांची होतीस, तुला आठवत असेल तर फक्त त्याच्यासाठी वेगळी काढलेली वाटी आठवत असेल. त्या वेळी इन्सुलिनची पेनं आमच्यापर्यंत आली नव्हती. दोन बाटल्यांतलं इन्सुलिन सिरिंजमध्ये मिसळून सकाळ-संध्याकाळ द्यायचं. त्यातलं दुधी रंगाचं जे असे, त्याचा जोर रात्रीच्या जेवणाआधी दिलं की मध्यरात्रीनंतर चढायचा, आणि तेव्हा पोराचं पोट रिकामं. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच माहीत होतं की पहाटे तीनची वेळ वाईट.

दिवाळीनंतरच्या एका पहाटे त्याच्या घशातून घरघर ऐकू आली. चादर घामानं भिजलेली, डोळे वर, हातपाय ताठ. आकडी. आमच्याकडे कुणीतरी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. मी साखर तोंडात घालायला निघाले होते, तुझ्या काकांनी माझा हात धरला म्हणून बरं झालं, कारण शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात काही घातलं की ते श्वासनळीत जातं. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं आणि थोड्या वेळानं पोरगं उठून म्हणालं, "आई, पोहे कर." त्याला काहीच आठवत नव्हतं. मला मात्र सगळं आठवत होतं, आजही आठवतं.

त्या पहाटेपासून माझा हात बदलला. झोपताना पेलाभर दूध, त्यात दोन चमचे साखर. इन्सुलिन आधी एक युनिट कमी, मग दोन. रात्री 250, 280 असा आकडा दिसला की मी अंग टाकायची. आणि वहीत लिहायची 140, 150, 135. हे लिहिताना आजही हात अडखळतो, पण तुझ्यापासून लपवलं तर या पत्राला अर्थ नाही. वहीतले आकडे सरळ रेषेत, आणि एचबीएवनसी दहाच्या वर. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिच्यापुढे वही चालत नाही. एका दवाखान्यात मला सगळ्यांदेखत ऐकवलं गेलं, "आई असून एवढा निष्काळजीपणा?" मी रात्री तीन-तीनदा उठून त्याच्या कपाळाला हात लावत होते, मने. निष्काळजी नव्हते. त्यांनी त्याचं वजन केलं, उंची मोजली, लघवी तपासली, रक्त काढलं. ज्या भीतीच्या हातात ती सिरिंज होती, ती तेवढी कुणी मोजली नाही.

ती मोजता येते. हे मला फार उशिरा कळलं, तुला लवकर कळावं म्हणून लिहिते आहे.

1987 साली अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॅनियल कॉक्स, लिंडा गॉन्डर-फ्रेडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुगर उतरण्याच्या भीतीची एक प्रश्नावली तयार केली. आधी ती इन्सुलिन घेणाऱ्या मोठ्या माणसांसाठी होती. पुढे त्याच गटानं ती आयांना विचारली. त्यानंतर सुसाना पॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 2007-08 च्या सुमारास, अगदी लहान मुलांच्या आईवडिलांसाठी तिचं वेगळं रूप केलं. कारण लहान पोराची गोष्टच निराळी. मोठ्याला थरथर कळते, तो खिशातलं चॉकलेट काढून खातो. चार वर्षांच्या मुलीला "मला लो वाटतंय" हे सांगता येत नाही. ती हट्ट करते, रडते, गप्प होते किंवा झोपते. आणि हट्ट करणं, रडणं, झोपणं हे तर चार वर्षांची प्रत्येक मुलगी दिवसभर करतच असते. मग आईनं ओळखायचं कशावरून?

त्या कागदाचे दोन भाग. पहिला हाताचा, म्हणजे भीतीपोटी तुम्ही काय करता. दुसरा मनाचा, म्हणजे कशाकशाची काळजी वाटते. प्रत्येक प्रश्नापुढे 1 ते 5, 1 म्हणजे कधीच नाही, 5 म्हणजे जवळजवळ नेहमी. पिंट्या बारावीत असताना एका शिबिरात एका बाईंनी ते प्रश्न मराठीत सांगून आमच्याकडून भरून घेतले. झोपताना मुलाला जास्तीचं खायला घालता का, रात्री उठून तपासता का, मूल एकटं राहणार असेल तर शुगर मुद्दाम चढी ठेवता का. हा प्रश्न आला आणि मी पेन खाली ठेवलं.

बारा-तेरा वर्षं जे मी चोरासारखं केलं, ते त्या कागदावर छापलेलं होतं. कुणीतरी दूर देशात बसून हा प्रश्न लिहिला, याचा अर्थ एवढाच की हे करणाऱ्या आया इतक्या होत्या की त्यासाठी कागदावर एक ओळ ठेवावी लागली. मी शेजारी पाहिलं. शेवगावकडच्या एका बाईंनी त्या प्रश्नापुढे 5 ला गोल केला होता, आणि त्या रडत होत्या. मीही 5 ला गोल केला. त्या दिवशी प्रथम मला वाटलं की ही माझी चोरी नाही, हे या आजाराबरोबर घरात येणारं दुसरं दुखणं आहे.

तुला 220 वर झोप लागते याचं कारण हेच, मने. तुझं प्रेम कमी पडत नाही आणि तुझी अक्कलही कमी पडत नाही. एवढी चढलेली शुगर सहसा आज रात्री काही करत नाही, तिचं नुकसान डोळ्यांत, मूत्रपिंडात वर्षांनी दिसतं. उतरलेली शुगर आज रात्रीच करते. आई आज रात्रीची असते. 1983 ते 1993 अशी दहा वर्षं अमेरिका आणि कॅनडात 1441 माणसांवर एक मोठा अभ्यास झाला. शुगर घट्ट ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंड, नसा यांचं नुकसान खूप कमी होतं, हे त्यातूनच पक्कं झालं आणि डॉक्टर तुला जे सांगतात त्याचा पाया तो आहे. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की घट्ट ताबा ठेवणाऱ्यांमध्ये शुगर धोकादायक उतरण्याचे प्रकार साधारण तिपटीनं जास्त झाले. म्हणजे तुझी भीती हवेतली नाही. आजची इन्सुलिनं त्या काळापेक्षा बरी आहेत, मध्यरात्री जोर चढण्याचा तो जुना प्रकार त्यांच्यात तितका नाही, हेही खरंच. आणि त्या अभ्यासातलं सगळ्यात लहान माणूस 13 वर्षांचं होतं. चार वर्षांची छकुली त्यात कुठंच नव्हती.

त्या कागदावर अमुक आकड्याला नापास असं काही नसतं. सगळे आकडे 1 वर आणायचेही नाहीत, कारण ज्या घरात कुणालाच भीती वाटत नाही त्या घरातल्या मुलाची मला जास्त काळजी वाटेल. बघायचं असतं ते वेगळंच. मनाचा भाग भरलेला आणि हाताचा रिकामा, की दोन्ही काठोकाठ? नॉर्वेतल्या आईवडिलांचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात आयांची काळजी वडिलांपेक्षा जास्त निघाली, आणि जिथं काळजी जास्त तिथं मुलांचं एचबीएवनसीही जास्त. आधी काय आणि मागून काय, हे त्यावरून सांगता येत नाही. भीतीमुळे शुगर चढी राहिली, की चढ-उतार बघून भीती वाढली? माझ्या घरात दोन्ही होतं, फुगडीसारखं, एकीचा हात दुसरीच्या हातात.

पण एक सांगू? ते प्रश्न आपल्या घरचे नाहीत. तिथं मूल वेगळ्या खोलीत झोपतं, आई दुसऱ्या खोलीतून कानोसा घेते. छकुली तर तुझ्या कुशीत झोपते, तिचा घाम आधी तुझ्या हाताला लागतो. तुझी भीती निराळ्या वाटेनं येते. आठवड्यात ज्या दिवशी रात्रीची लाइट असते तेव्हा जावईबापू मोटर चालू करून दारं धरायला जातात, मळ्यातल्या वस्तीवर तू, विहीणबाई आणि पोर. अशा रात्री तू इन्सुलिन कमी टोचतेस का? मी असते तर टोचलं असतं. गाडी ते घेऊन गेले, आणि तिला काही झालं, तर अकोले गावातल्या दवाखान्यापर्यंत न्यायचं कसं, हे दिवसातून किती वेळा मनात येतं? अंगणवाडीच्या ताईंना तू समजावलं आहेस, पण त्या सुट्टीवर असल्या तर? लग्नात पंगत उशिरा बसली आणि इन्सुलिन आधीच दिलेलं असलं तर? कुणी तिला भिजलेली पाहून "उकडतंय पोरीला" म्हणून पंखा लावला आणि झोपू दिलं तर? आणि जे तू मलाही सांगितलं नाहीस, ते मीच लिहिते: पोर चारचौघांत भोवळ येऊन पडली तर लोक काय म्हणतील, पुढं तिचं कसं होईल? व्हर्जिनियाच्या कागदात लोकांसमोर चक्कर येण्याची काळजी आहे. पण आपल्याकडे त्या एका ओळीत मुलीचं अख्खं आयुष्य मावतं.

म्हणून आपले प्रश्न आपणच लिहायचे. 1 ते 5 तेवढे त्यांचे घेऊ.

भीती मोजून काय होतं म्हणशील, तर तुमच्या उसातल्या बिबट्याची गोष्ट तुला माहीतच आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या खोऱ्यात कॅमेरे लावले होते, 2013 साली त्यांचा लेख आला. 100 चौरस किलोमीटरला पाचाच्या जवळपास मोठे बिबटे, तेही जंगलात नाही, माणसांच्या वस्त्यांच्या आणि पिकांच्या मधोमध. कॅमेऱ्यांनी बिबट्या घालवला नाही. तो किती आहे आणि कुठून जातो, एवढं दिसलं. आता तर आपल्या जिल्ह्यात माणसांवर हल्ले झाले आहेत, लेकरं गेली आहेत, त्या भीतीला कुणी खोटं म्हणू नये. तरी तू मला सांग, मळ्यात रात्री जाताना जावईबापू सगळ्या शिवाराला घाबरतात, की ओढ्याच्या वळणाला? वळण माहीत असलं की माणूस तिथं बॅटरी लावतो, घुंगराची काठी आपटतो, आणि उरलेली वाट चालतो.

मी पिंट्यासाठी असं वळण शोधलं ते तो मोठा झाल्यावर. खऱ्या आकड्यांची वही ठेवली, आणि शुगरच्या शेजारी भीतीचा आकडा लिहिला. महिनाभरात दिसलं की माझी भीती रोज रात्री 5, आणि त्याचे लो मात्र बहुतेक सकाळी अकराला, शाळेच्या डब्याआधी. रात्रीचे लो झाले ते त्याच दिवशी, ज्या दिवशी तो संध्याकाळी दोन तास क्रिकेट खेळून आला होता. खूप खेळलं की स्नायू पुढं कितीतरी तास साखर ओढत राहतात. मी तीस रात्री जागत होते. जागायला हवं होतं त्या चार रात्री. चार रात्री जागणं एका आईला जमतं.

आता तुझ्या घरचं. कागद तू एकटीनं भरायचा नाही. जावईबापूंनी वेगळा भरायचा, विहीणबाईंना तू प्रश्न वाचून दाखवायचे आणि त्या सांगतील तो आकडा लिहायचा, आपल्या मनाचा नाही. मग तिन्ही कागद शेजारी ठेवा. त्यांच्या मनात 2 आणि तुझ्या मनात 5 निघाला, तर त्यांचं प्रेम कमी असा अर्थ काढू नकोस. जो सुई धरतो त्याच्याकडे भीती जाते, एवढंच त्यातून कळतं. त्या घरात तू माप ओलांडून गेलीस, तेव्हा ते माप तांदळाचं होतं, आणि सांडलं तरी कुणी रागावलं नाही. या मापातलंही थोडं इतरांच्या पदरात सांडू दे.

विहीणबाई म्हणतील, मला आकडे कळत नाहीत, मला मशीन जमायचं नाही. त्यांना जामखेडचं सांग. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले, आणि त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणींनी शाळा पाहिली नव्हती. त्यांनी लेकरांची वजनं केली, गरोदर बायका तपासल्या, बाळंतपणं केली. जग ते बघायला जामखेडला येत होतं, 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ती आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. मग एका आजीला बोटाच्या कडेला टोचून थेंब पट्टीला लावणं न जमायला काय झालं? आठवड्यातल्या दोन रात्री तीनची तपासणी त्यांची. त्या रात्री तू उठायचं नाहीस. पहिल्या वेळी तू जागीच राहशील, ते मला ठाऊक आहे. चौथ्या वेळी झोपशील.

आणि शुगर लो आली तर करायचं काय, ते भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव, तुझ्या डोक्यात असून उपयोग नाही. 70 च्या खाली आली आणि पोर शुद्धीत असली, गिळत असली, तर साखर पाण्यात विरघळवून द्यायची. वजनाला किलोमागं 0.3 ग्रॅम असा हिशेब असतो, छकुली 15 किलोची आहे, म्हणजे साडेचार ग्रॅम, चहाचा एक सपाट चमचा. मूठभर नाही. घाबरून आपण चार चमचे घालतो, मग ती तीनशेवर जाते आणि सकाळी परत तेच चक्र. 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसली तर पुन्हा तेवढंच. दूध, लाडू, केळं हे नंतर. पहिल्यांदा साखरच, कारण लाडवातलं तूप साखरेला पोटात अडवून धरतं. 54 च्या खालचा आकडा गंभीर समजायचा, आणि तो वहीत लाल पेनानं. शुद्ध नसली किंवा झटके आले तर तोंडात काहीही नाही, साखरही नाही, मधही नाही. कुशीवर वळवायचं आणि निघायचं. ग्लुकागॉनचं इंजेक्शन या वेळेसाठी असतं, लहानग्यांना अर्धा मिलिग्रॅम. आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि स्वस्तही नाही, पण डॉक्टरांना विचार, आणि मिळालं तर कसं द्यायचं ते जावईबापूंनाही शिकू दे.

हातावर लावायचा शुगरचा सेन्सर तू विचारत होतीस. साधारण दोन आठवडे चालतो, महाग आहे, दर वेळी परवडणार नाही. तरी वर्षातून एक-दोनदा लावता आला तर लाव. रात्रभराची रेघ एकदा डोळ्यांनी बघितली की अंधारात काय चाललं होतं ते कळतं. संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था टाइप 1 च्या मुलांसाठी काम करते, तिथं एकदा आपण दोघी जाऊ. भारतात 20 वर्षांखालची अशी सव्वादोन लाखांहून जास्त मुलं असावीत असा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा 2021 सालचा अंदाज आहे. तुला मात्र अख्ख्या शिवारात छकुली एकटीच दिसते. तिच्यासारखी वीस मुलं एका अंगणात पळताना पाहिलीस की तुझ्या छातीतला एक दगड तिथंच राहील.

पुढच्या तारखेला डॉक्टरांकडे जाशील तेव्हा खोटे आकडे नेऊ नकोस. खरी वही आणि भीतीचे तिन्ही कागद पुढं ठेव, आणि हे असंच म्हण: "मला रात्रीची भीती वाटते, म्हणून मी डोस कमी देते." डोस स्वतःच्या मनानं बदलू नकोस, कमीही नको आणि हे पत्र वाचून एकदम वाढवूही नकोस. रात्री झोपताना किती शुगर चालेल, खेळलेल्या दिवशी काय करायचं, कोणत्या आकड्याला उठायचं आणि कोणत्याला नाही, हे त्यांच्याकडून लिहून घे. ते रागावले तर मला सांग, पुढच्या वेळी मी येईन तुझ्याबरोबर. मला तेव्हा कुणी नव्हतं यायला, तुझी आजी होती पण तिलाही मी वहीतलं सांगितलं नव्हतं.

उद्या शेजारचे काका संगमनेरपर्यंत जाताहेत, त्यांच्याकडे वही देते. रेघा मी मारल्या आहेत, शुगरच्या शेजारी एक जास्तीचा रकाना आहे, त्यावर काही लिहिलेलं नाही. तो कशासाठी ते तुला कळेलच. सोबत छकुलीसाठी फ्रॉक आहे, बाही सैल ठेवली आहे, दंडावर टोचायला सोपं जाईल.

पिंट्या आता पुण्यात असतो, एकटा राहतो, स्वतःचं सगळं स्वतः करतो, त्याचं एचबीएवनसी मागच्या वेळी 7.1 होतं. परवा तुझा फोन ठेवल्यावर मी तो जुना कागद काढला आणि नवा भरून पाहिला. हाताचे प्रश्न जवळजवळ सगळे 1. मूल झोपेत असताना शुगर उतरेल याची काळजी वाटते का, या प्रश्नापुढे 4.

तुझी,
मावशी